उन्हाच्या देशात मुडदूस कसा? नाशिकची १९२२ ची गोष्ट

कळंब्यातून बोलतोय. आमच्याकडं जुनी माणसं वाळलेल्या, किरकिऱ्या पोराला सरसकट ‘मुडदूस झालाय’ म्हणतात. वैद्यकात मात्र या शब्दाचा अर्थ नेमका आहे. वाढत्या हाडांत कॅल्शियम आणि फॉस्फरस नीट बसत नाहीत, हाड मऊ राहतं आणि वजनानं वाकतं. मूल गुटगुटीत असलं तरी हे होऊ शकतं. म्हणूनच ते लक्षात येत नाही.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० मध्ये या आजारावर ग्रंथ लिहिला. पण कारण सापडायला अडीचशेहून जास्त वर्षं गेली. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम यांनी म्हटलं, की जिथं ऊन कमी तिथं हा आजार जास्त. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात ठेवून मुलांची हाडं सुधारून दाखवली.

मग प्रश्न पडतो, आपल्याकडं तर ऊनच ऊन! इथं कसा होईल?

याचं उत्तर नाशिकनं दिलं. हचिसन आणि शहा या दोघांनी १९२२ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत मुडदूस आढळत होता. गरीब घरांतली, निकृष्ट खाणारी पण उघड्यावर वाढणारी मुलं त्यातून वाचत होती. म्हणजे बघा, पैसा होता, ताट भरलेलं होतं, पण ऊन उंबऱ्याबाहेरच थांबलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेत मॅककॉलम यांच्या चमूनं कॉड माशाच्या तेलातला हाडं बरी करणारा घटक वेगळा ओळखला. तेच ‘ड’ जीवनसत्त्व. आपली त्वचा ते उन्हात स्वतः बनवते.

ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. पुण्यात वस्तीतल्या लहान मुलांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यातही उन्हात खेळणाऱ्यांपेक्षा घरातच राहणाऱ्या मुलांत ‘ड’ कमी होतं. पडदा गेला, फ्लॅट आला. खिडकीच्या काचेतून ऊन दिसतं, पण कामाचे किरण काचच अडवते.

मग ओळखायचं कसं? मनगटं रुंद, गाठीसारखी दिसतात. छातीच्या बरगड्यांवर मण्यांची माळ ओवल्यासारखे उंचवटे हाताला लागतात. टाळू भरायला, दात यायला, चालायला उशीर होतो. पाय धनुष्यासारखे बाकतात किंवा गुडघे एकमेकांना घासतात. काही बाळांना कॅल्शियम फार घटल्यानं झटकेही येतात, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दोन वर्षांच्या आतल्या पोरांचे पाय थोडे बाकदार असणं बहुधा नैसर्गिक असतं. बाक वाढत चालला, एकाच पायाला असला किंवा सोबत मनगटं रुंद दिसली, तर डॉक्टरांकडं जा. एक्स-रे आणि रक्ततपासणीत निदान होतं. ‘ड’ची इंजेक्शनं मनानं देऊ नका, जास्त झालं तर मूत्रपिंडाला इजा होते. नाचणी, दूध आणि अंगणातला खेळ मात्र आजच सुरू करता येतो.

घरात रांगतं पोर असेल तर आज त्याचं मनगट एकदा हातात घेऊन बघा. भेटू पुढच्या भागात.