मुक्तेचा निबंध

नगर शहराचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे गोष्ट भुईकोट किल्ल्यापासून निघते आणि मोगलांच्या वेढ्यांत तटावर उभ्या राहिलेल्या चांदबिबीपाशीं येऊन थांबते. तें योग्यच आहे. परंतु अहमदनगराशीं, म्हणजे २०२४ सालीं ज्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें त्या शहराशीं, दुसऱ्याहि एका प्रतिकाराचा धागा जोडलेला आहे, आणि तो प्रतिकार करणारी कोणी राणी नव्हती. ती पुण्याच्या एका मांग घरांतील चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. तिचें नांव मुक्ता साळवे. मांग आणि महार यांच्या दुःखांविषयीं तिनें एक निबंध लिहिला व तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. मातंग समाजास त्या काळीं रूढ असलेलें मांग हेंच नांव तिनें स्वतः वापरलें आहे, म्हणून येथेंहि तें तसेंच ठेवलें आहे.

या धाग्याचें नगराकडील टोक आधीं पाहिलें पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ सालीं नगरास येऊन राहिले. सिंथिया फॅरार नांवाची एक अविवाहित शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस उतरली आणि १८३९ सालीं नगरास आली. तेथें तिनें मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ सालीं नगरांतच तिचा अंत झाला. तिची शाळा पाहावयास पुण्याहून एक तरुण आला होता, तो जोतीराव फुले. तेथें मुलींना ज्या रीतीनें शिकवीत तें पाहून आपणांस समाधान वाटलें व पुण्यास परतल्यावर आपण मुलींची शाळा काढली, असें पुढें जोतीरावांनींच सांगितलेलें आहे. सावित्रीबाईंनींहि अध्यापनाचे धडे नगरास फॅरारबाईंपाशीं घेतले. १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत शाळा निघाली तेव्हां सावित्रीबाईंचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें.

दुसरा संबंध छापखान्याचा. याच मिशननें १८४२ च्या जून महिन्यांत नगरांतून ‘ज्ञानोदय’ सुरू केलें. पुढें तें मुंबईहून निघूं लागलें. परंतु त्याचा जन्म नगरचा. तें पत्र ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठीं होतें, ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. तथापि ज्या मजकुराला पुण्याच्या पंडितमंडळींनीं उंबऱ्याच्या आंत घेतलें नसतें, त्याला त्या पत्राच्या स्तंभांत जागा मिळूं शके, आणि या गोष्टीपुरतें तेवढें पुरेसें आहे.

मांग-महारांच्या मुलांसाठीं जोतीरावांनीं पुण्यांत १८५२ सालीं शाळा उघडली. मुलें गोळा करण्याच्या कामीं त्यांना लहुजी वस्ताद साळवे यांचें मोठें साहाय्य झालें. दांडपट्टा व कुस्ती शिकविणारा हा तालीमबाज पुरुष स्वतःच्या जातीच्या मुलांना अक्षरांच्या तालमींत पाठवूं लागला, ही त्या काळच्या पुण्यांतील एक लक्षांत ठेवण्याजोगी घटना आहे. मुक्ता त्याच साळवे कुळांतील. निबंध छापला गेला तेव्हां तिच्या शिक्षणाला तीन वर्षें झालीं होतीं.

तीन वर्षें म्हणजे काय, याची कल्पना आज चटकन् येणार नाहीं. ज्या जातीच्या मुलीनें रस्त्यानें चालतांना अंग चोरावें, कोणी समोरून आलें तर बाजूस व्हावें, विचारलें तरच आणि तेंहि दुरून उत्तर द्यावें, अशी शतकानुशतकांची शिस्त होती, त्या जातीची मुलगी पाटीपुढें बसली होती. अशा मुलीच्या भिडस्तपणाला लोक स्वभाव म्हणतात. वस्तुतः तो स्वभाव नसतो. तें घोटवून घेतलेलें वळण असतें. मुक्तेच्या निबंधाच्या आरंभींच या वळणाची खूण दिसते. आपण दीन, दुबळी आहों, परंतु ईश्वरानेंच हा विषय आपल्या अंतःकरणांत भरविला व म्हणून आपल्या शक्तीप्रमाणें तो लिहावयास घेतला आहे, अशी ती प्रस्तावना करते. एवढा नम्रपणा करून झाला, आणि पुढच्याच वाक्यांपासून तिनें जो प्रश्नांचा मारा आरंभिला तो शेवटपर्यंत थांबला नाहीं.

पहिला प्रश्न धर्माचा आहे. वेद ही आमचीच मालमत्ता, इतरांनीं ती पाहूंहि नये, असें ब्राह्मण म्हणतात. तर मग, मुक्ता विचारते, आमचें धर्मपुस्तक कोणतें? ज्यांना धर्मपुस्तक पाहण्याची मनाई, ते धर्मरहित ठरतात. ब्राह्मणांना वेद आहे, मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे. आमचा धर्म कोणता तें, देवा, तूंच सांग, म्हणजे त्याप्रमाणें वागूं. हा प्रश्न वरवर भोळा वाटतो. परंतु यांत वेदाधिकाराच्या निषेधाचा जो परिणाम तिनें काढून दाखविला, तो खोडून काढणें एखाद्या नैयायिकासहि जड गेलें असतें. लाडू खाण्यावरून तिनें ब्राह्मणांना जें विशेषण लाविलें आहे, तें तर चौदा वर्षांच्या मुलीलाच सुचावें असें आहे.

नंतर ती बाजीरावाच्या काळाकडे वळते. तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचें डोकें उडवून गुलटेकडीच्या मैदानावर तलवारीचा दांडू व शिराचा चेंडू करून खेळत. इमारतींच्या पायांत आमच्या लोकांना शेंदूर पाजून पुरीत. कोणी वाचावयास शिकला असें कानावर गेलें तर त्यास शिक्षा होई, कारण हे वाचूं लागले तर ब्राह्मणांनीं काय धोकटी बगलेंत मारून हजामती करीत फिरावें, असा बाजीरावाचा सवाल असे. पेशवाई १८१८ सालीं गेली आणि मुक्तेचा जन्म १८४१ च्या सुमाराचा; तेव्हां हें तिनें पाहिलेलें नाहीं, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलें आहे. इतिहासकारानें तें तसेंच धरावें. परंतु एका वस्तीच्या चुलीभोंवतीं दोन पिढ्या कोणत्या गोष्टी सांगितल्या जात होत्या, याचा एवढा स्पष्ट पुरावा त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या मराठी कागदांत सहसा मिळत नाहीं. दफ्तरें लिहिणारे हात वेगळे होते.

आणि मग ती स्वतःच्या काळाचें बोलते. या ठिकाणीं निबंध ऐकीव गोष्टी सोडून डोळ्यांपुढील गोष्टींवर येतो. स्त्रिया बाळंत होतात तेव्हां घरावर छप्परहि नसतें. थंडी, पाऊस, वारा सोसावा लागतो. बाळंतरोग जडला तर वैद्याला द्यावयास पैसा कोठून आणावा, आणि फुकट औषध देणारा वैद्य कोठें आहे? घरांतील हें दुःख जाहीर सांगणें मोठ्या घरच्या बायकांनाहि त्या काळीं शक्य झालें नसतें. चौदा वर्षांच्या मुलीनें तें नांवानिशीं छापावयास दिलें.

याच भागांत एक छोटासा प्रसंग आहे. सबंध निबंध विसरला तरी तो विसरूं नये. ब्राह्मणांचीं मुलें मांग-महारांच्या मुलांना धोंडे मारतात. रक्त निघतें. तरीहि तीं मुलें सरकारांत फिर्याद घेऊन जात नाहींत. कां? कारण उष्टें-खरकटें मागावयास त्याच घरीं जावें लागतें. म्हणून तीं गप्प राहतात.

धोंडा मारणारा मुलगा फारसा दांडगा असलाच पाहिजे असें नाहीं. तो मार खाणाऱ्याहून किरकोळहि असेल. त्याची ताकद त्याच्या दंडांत नव्हती. ती त्याच्या घरच्या परसदारांत, संध्याकाळीं बाहेर पडणाऱ्या पत्रावळींत होती. मार खाणाऱ्या मुलालाहि हें पक्कें ठाऊक होतें. उलट धोंडा उचलणें त्याला अवघड नव्हतें. उचलला तर रात्रीं घरांतील धाकट्या भावंडांच्या तोंडांत काय पडेल, हा त्याच्यापुढचा हिशेब होता. भित्रेपणाचें असें गणित शाळकरी मुलीनें दोन वाक्यांत मांडलें आहे. ज्यांना आपण आयुष्यांत कधीं एखाद्या दांडगटापुढें कां गप्प राहिलों याचें कोडें पडलेलें असेल, त्यांनीं तीं जरूर वाचावीं. दुसऱ्या एका ठिकाणीं ती गाढवाचा दाखला देते. गाढवाला मारलें तर त्याचा धनी मारणाऱ्यास जाब विचारतो. मांग-महाराला मारूं नका असें म्हणणारा कोण होता?

मार खाल्लेला मुलगा सरकारांत गेला नाहीं. मुक्तेनें मात्र फिर्याद नोंदविली, आणि ती जेथें नोंदविली तेथें ती प्रत्यक्ष ज्यांच्याविरुद्ध होती त्यांच्या वाचनांत यावी अशी सोय होती. धोंडा मारणाऱ्या मुलांच्या वडिलांना वाचतां येत होतें. १५ फेब्रुवारी १८५५ च्या अंकांत निबंधाचा पहिला भाग आला व १ मार्चच्या अंकांत दुसरा. लिहिणारीचें वय आणि जात त्याबरोबरच छापली होती. टोपण नांव घेण्याचा मार्ग कोणासहि मोकळा असतो. तो तिनें घेतला नाहीं. सावित्रीबाई शाळेंत जातांना त्यांच्यावर चिखल-शेण फेंकीत, ही आठवण त्यांच्या चरित्रकारांनीं सांगितली आहे. त्याच शहरांत, त्याच रस्त्यांनीं या मुलीला हिंडावयाचें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नांव देण्याची किंमत कळते.

इंग्रज सरकारविषयीं मुक्तेनें फार भरवंसा ठेवला होता, असें आज वाटल्यावांचून राहत नाहीं. या राज्यांत आमचा प्राण सुरक्षित झाला, आमची संख्या वाढूं लागली, चांगलें वस्त्र नेसलें तर चोरीचा आळ येईनासा झाला, असें ती म्हणते. आणि तिच्या बाजूनें पाहतां तें खोटें नव्हतें. परंतु पुढच्याच वर्षीं, १८५६ च्या जूनमध्यें, धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला तेव्हां मुंबई सरकारनें लोकांच्या रोषाच्या भीतीनें त्याला नकार दिला. परसदाराची सत्ता सरकारच्या कचेरींतहि चालत होती तर. आणि ज्या देशांतून फॅरारबाई आली होती, त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील कित्येक संस्थानांत त्याच काळीं गुलामांना लिहावाचावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. बाजीरावाच्या तोंडीं मुक्तेनें घातलेला सवाल तिकडे कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला होता. मालकांची भीति दोन्हीकडे एकच. राबणारा माणूस वाचूं लागला तर घरचें काम कोण करील?

निबंधाच्या उत्तरार्धांत मुक्ता आपल्याच लोकांकडे तोंड करून उभी राहते. तुम्हीं आजारी आहां, आणि ज्ञान हें तुमचें औषध आहे. तें घेतल्यानें खुळ्या समजुती जातील व तुम्हीं नीतिमान व्हाल, असें ती त्यांना बजावते. जुलूम करणाऱ्यांना दोष देऊन ती मोकळी होत नाहीं, स्वकीयांनाहि हलवून जागें करते. मांग व महार यांच्यांतील आपसांतला दुरावा सर्वांच्या ओळखीचा होता. तिनें मात्र दोहोंचें दुःख एका शीर्षकाखालीं मांडलें.

तिनें लिहिलेलें एवढेंच काय तें हातीं उरलें आहे. जुन्या अंकांतून अभ्यासकांनीं तें बाहेर काढलें. १९९१ सालीं सूसी थारू व के. ललिता यांनीं भारतीय स्त्रियांच्या अडीच हजार वर्षांच्या लेखनाचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या खंडांत बौद्ध थेरींच्या आणि संत स्त्रियांच्या रचनांबरोबर पुण्याच्या शाळेंतील या मुलीचा निबंधहि आहे, मुक्ताबाई या नांवानें.