विद्यापीठातील संगीतगुरू : दोन निर्वासित प्राध्यापक

विद्यापीठाच्या संगीत विभागातील सर्वच अध्यापक एकाच वाटेने तेथे पोहोचत नाहीत. याची दोन उदाहरणे आम्ही येथे देत आहोत.

आर्नोल्ड शोनबर्ग (१८७४-१९५१) : जन्म व्हिएन्ना येथे. तरुणपणी त्यांनी बँकेत कारकुनी केली. संगीतरचना ते बहुतांशी स्वप्रयत्नानेच शिकले. १९२५ साली बर्लिनच्या कला अकादमीत त्यांची नेमणूक झाली. परंतु ज्यू असल्याने १९३३ मध्ये नाझी राजवटीत ते पद गेले. १९३६ पासून त्यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन केले. १९४४ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावे लागले. सेवा अवघी आठ वर्षांची, म्हणून निवृत्तिवेतन तुटपुंजे. १९४५ साली गुगेनहाइम प्रतिष्ठानाने त्यांचा मदतीचा अर्ज नाकारला. चरितार्थासाठी त्यांना खासगी शिकवण्या चालूच ठेवाव्या लागल्या.

पॉल हिंडेमिथ (१८९५-१९६३) : जन्म जर्मनीतील हानाउ येथे. फ्रँकफुर्टच्या ऑपेरा वाद्यवृंदात व्हायोलिनवादक, पुढे नामवंत व्हायोलावादक. १९२७ पासून बर्लिनमध्ये अध्यापन. नाझींच्या रोषामुळे १९३८ साली त्यांनी देश सोडला. १९४० ते १९५३ या काळात येल विद्यापीठात शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांकडून मध्ययुगीन व प्रबोधनकालीन संगीत सादर करवून घेतले.

मायभूमीने नाकारलेल्या या विद्येचा लाभ परक्या देशातील विद्यार्थ्यांना झाला, ही गोष्ट आम्हांस विशेष चिंतनीय वाटते.