खटला पुस्तकाचा, पत्र वाचकाचे

संस्कृत साहित्यशास्त्रात अश्लीलता हा काव्यदोष आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : लज्जा उत्पन्न करणारा, जुगुप्सा उत्पन्न करणारा आणि अमंगल सुचवणारा. एम. ए.च्या वर्गात हा भाग शिकवताना एक गोष्ट दरवेळी जाणवते. या तिन्हींत वाचकाचे कायमचे नुकसान होते असे कोठेही गृहीत धरलेले नाही. शब्द चुकला, रसभंग झाला, एवढीच तक्रार.

पुढे हाच शब्द इंग्रजी कायद्यातील संज्ञेसाठी मराठीत रुळला आणि त्याचा रोख बदलला. १८६८ च्या हिक्लिन खटल्यात इंग्लंडमधील न्यायाधीशांनी जी कसोटी सांगितली, तीच आपल्याकडे भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमासाठी दीर्घकाळ वापरली गेली. दुर्बल मनाच्या माणसाच्या हाती हा मजकूर पडला तर तो बिघडेल काय, असा तिचा प्रश्न होता. म्हणजे दोष शब्दातून उठून वाचकाच्या मनात जाऊन बसला. गंमत अशी, की ज्याच्या नावाने हे सारे चालले तो वाचक न्यायालयाने कधी समोर बोलावला नाही. त्याला काय होते आहे, हे त्याला कोणी विचारलेच नाही.

मराठीत ते विचारणारा एक माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमनाचे कार्यकर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, विल्सन कॉलेजातील नोकरी त्यांना सोडावी लागली हेही पाठ्यपुस्तकी झाले आहे. मला मात्र त्या मासिकातील वाचकांच्या प्रश्नांचे सदर सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरात, देवळात, वैद्याकडेही जे उच्चारता येत नव्हते ते लोक तेथे लिहून पाठवीत. कर्वे त्यांना थोडक्यात, काहीसे रुक्षपणे, पण न खिजवता उत्तर देत. हस्तमैथुनाने माणूस खंगतो ही त्या काळची सार्वत्रिक भीती. ती निराधार आहे हे सांगण्यात त्यांची कितीतरी शाई खर्ची पडली.

१९३१ साली त्यांना ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखासाठी दंड झाला होता. १९३४ चा खटला मात्र नेमका या उत्तरांवरून झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावर लिहिलेले ते सारे अश्लील म्हणता येणार नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. दंड २०० रुपये. दुःखात असलेल्या माणसाला उत्तर देणे हाच येथे गुन्हा ठरला, हे आपल्या वाङ्मयीन चर्चेने पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

नंतरचे खटले साहित्यिकांना अधिक ठाऊक आहेत. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९ मध्ये तेथे निर्दोष ठरली. किशोरवयीनांना लैंगिक उल्लेखाचा स्पर्शच नको म्हटले तर फक्त धार्मिक पुस्तके उरतील, अशा आशयाचे मत न्यायालयाने तेव्हा नोंदवले. ‘सखाराम बाइंडर’चा वाद तर आपण परीक्षेत विचारतो. आम्ही प्राध्यापकांनी या विजयांचा इतिहास मोठ्या उत्साहाने शिकवला, मीही शिकवला, आणि तो शिकवताना एक गैरसमज रुजवला : अश्लीलतेची तक्रार करणारा तेवढा सनातनी, बाकी प्रश्न संपला.

तो संपलेला नव्हता. ‘श्यामा’मध्ये जे घडते ते शब्दांत घडते, त्यात कोणा हाडामांसाच्या स्त्रीला इजा होत नाही. कॅमेरा आला आणि ही सोय गेली. पिवळ्या पुस्तकांच्या जागी व्हिडिओ कॅसेट आली, मग सायबर कॅफे, आणि २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे प्रत्येकाच्या खिशातला फोन. पडद्यावरची व्यक्ती राजीखुशीने तेथे आहे, फसवली गेली आहे की तिला ठाऊकच नाही, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. २०१५ साली सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि ओरड होताच काही दिवसांत तो सैल केला. त्याही वादात बंदी आणि स्वातंत्र्य हे दोनच पक्ष होते. पाहणारा पुन्हा गैरहजर.

दोन वर्षांपूर्वी कर्व्यांवरचा तास संपल्यावर एक विद्यार्थी रेंगाळला. “सर, ती पत्रं लिहिणाऱ्यांचं पुढे काय झालं?” मी म्हटले, ते कळण्याला मार्ग नाही. तो थोडा थांबून म्हणाला, “मला लिहायचं असतं तर कुणाला लिहिलं असतं?” मग हळूहळू बोलला. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत फोन. दर सोमवारी शपथ, बुधवारी मोडलेली. आता पाहून काही वाटतही नाही, तरी सुटत नाही. साखरपुडा झालेला, आणि तिच्याशी बोलताना आपण कोणी भलतेच आहोत असे वाटते.

कर्व्यांचे उत्तर येथे अर्धेच कामाचे होते. भीती निराधार आहे असे सांगून मी मोकळा झालो असतो तर ते खोटे ठरले असते. उरलेला अर्धा भाग मला पुढे वाचून कळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाला आवेगनियंत्रणाच्या विकारांत स्थान आहे. महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही ताबा न राहणे, अभ्यास, प्रकृती, नाती यांची हेळसांड, समाधान मिळेनासे झाले तरी तेच करत राहणे, ही त्याची लक्षणे. याला व्यसन म्हणावे की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण त्या व्याख्येतील एक कलम वाचून मला कर्वेच आठवले : आपण पाप करतो आहोत एवढ्याच भावनेतून येणारा मनस्ताप हा विकार मानू नये. अपराधभाव वेगळा, अगतिकता वेगळी. निवाडा समुपदेशकाने करायचा, आपण नव्हे.

मराठीला हे वळण अगदीच अपरिचित नाही. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, ‘गर्द’ लिहिले गेले, आणि ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ या शिव्यांमागे एक रुग्ण असतो हे मध्यमवर्गाला प्रथम दिसले. या सवयीसाठी मात्र आपल्याकडे अजून शिवीच आहे, किंवा विनोद.

मी त्याला १४४१६ हा क्रमांक दिला. २०२२ मध्ये सुरू झालेली ही ‘टेलिमानस’ची सरकारी सेवा विनाशुल्क आहे, अहोरात्र चालते, मराठीत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलास तर २०१७ च्या कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, हेही सांगितले. या गोपनीयतेच्या वाक्यानेच तो सैलावला. फोन त्याने लगेच केला नाही. तीन आठवड्यांनी केला. मग गावातल्याच एका डॉक्टरांकडे जाऊ लागला. विचारांच्या सवयी बदलण्याचे जे उपचार असतात ते चालू झाले, मधे दोनदा घसरलाही. कर्व्यांवरचा निबंध त्याने मुदत टळून गेल्यावर आणून दिला. त्यात खटल्याबद्दल एक पान होते आणि प्रश्नोत्तरांबद्दल अकरा.