तोबरा, दप्तर आणि काठीची वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेला निघालेल्या पोराच्या पाठीवरच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो. शब्द रोजचा आहे, पण फार लांबून चालत आलेला आहे. ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. कातड्यावर लिहीत असत, म्हणून पुढे फारसी-अरबीत 'दफ्तर' म्हणजे नोंदवही झाली. आपल्याकडे राज्यकारभाराच्या कागदांचा साठा तो दप्तर झाला. पुण्याच्या पेशवे दप्तरात हे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत, आणि त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणत. मग कधीतरी कागद बाजूला राहिला आणि कागद नेणारी पिशवीच दप्तर झाली. कातडे, वही, कचेरी आणि पाठीवरची पिशवी, असा एका शब्दाचा हा प्रवास.

हे सगळे डोक्यात यायचे कारण वेगळे आहे. होळीच्या दिवसांत काठीला जाणारे तरुण मित्र मला हल्ली एक प्रश्न विचारतात. काठी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले, मोलगीजवळचे सातपुड्यातले गाव. मेवासी संस्थानांपैकी एक. तिथली राजवाडी होळी इसवी सन १२४६ पासून चालत आल्याचे तिथले लोक सांगतात. रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. तर या मुलांचा प्रश्न असा, की पाठीला कोणती पिशवी घ्यावी? आणि मोबाइलवर जी पिशवी ती मला दाखवतात तिचे नाव 'टॅक्टिकल' बॅग. खाकी, काळी किंवा शेवाळी रंगाची, अंगभर आडव्या पट्ट्या शिवलेली, जणू आत्ताच एखाद्या चकमकीतून परत आली आहे!

मी कवी माणूस. इतिहासाशी संबंध म्हणाल तर बी.ए.ला तो विषय होता एवढाच. आमच्या तरुणपणी ज्याला कविता करायची आहे त्याच्या खांद्याला शबनम असलीच पाहिजे असा दंडक होता. शबनम म्हणजे फारसीत दव. नाव इतके नाजूक, पण डोंगर चढताना तिच्यासारखी वैरीण दुसरी नाही. एका खांद्यावर सगळा भार, प्रत्येक पावलाला मांडीवर आपटणार, आणि वाकलात की समोर येणार. तेव्हा पिशवी पाठीवरच हवी, दोन्ही खांद्यांवर हवी, एवढे या मुलांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. प्रश्न एवढाच, की ती लढाईची का असावी?

लढाईची पिशवी मुळात आली कुठून ते पाहिले की गंमत वाटते. इंग्रजीतला 'हॅवरसॅक' हा शब्द जर्मनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ओटची पिशवी, म्हणजे घोड्याच्या खुराकाची. आपल्याकडे याच वस्तूला तोबरा म्हणतात, आणि तोही शब्द फारसीच. घोड्याच्या तोंडाला बांधायचा तोबरा युरोपात शिपायाच्या खांद्यावर चढला आणि त्यात घोड्याऐवजी माणसाचा शिधा आला. आपल्याकडे मात्र तोबरा घोड्यापाशीच राहिला, आणि भाषेत 'तोबरा भरला' म्हणून आपल्या तोंडात! घोडेस्वाराचे सामान खुर्जीत, म्हणजे घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या जोडपिशवीत. पायी चालणाऱ्याची पडशी त्याच घाटाची, मध्ये तोंड आणि दोन टोकांना दोन कप्पे, एक छातीवर, एक पाठीवर. पंढरीच्या वाटेवर ती आजही दिसते. कावडीचे तत्त्वही तेच, दोन्हीकडे सारखे वजन. रोमन सेनापती मारियसने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी आपल्या शिपायांना सामान स्वतः वाहायला लावले, तेव्हा त्यांनीही ते काठीला बांधून खांद्यावर टाकले. लोक त्यांना 'मारियसची खेचरे' म्हणू लागले.

या थट्टेत एक खोच आहे. ओझ्याच्या इतिहासात पिशवी कशी होती याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, की ती कोणाच्या पाठीवर होती. सातपुड्याच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढची काही वर्षे त्यांच्या पलटणी भिल्लांच्या मागे डोंगरात फिरत होत्या. तंबू, पेट्या, दारूगोळा, रसद असा सगळा संसार बरोबर. भिल्लाजवळ धनुष्य, बाणांचा भाता आणि कमरेला असेल ते. पाठलाग कोणाला जमणार? वर तापाने शिपाई अंथरुणाला खिळत. शेवटी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात धोरण बदलले, आणि १८२५ साली जेम्स आउटरॅमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली, खानदेश भिल्ल कोअर. ज्यांना पकडता येईना त्यांना नोकरीत घेतले. डोंगरात हलका माणूसच खरा, हे साहेबाला कळले ते असे. साहेबाचे स्वतःचे सामान मात्र हलके झाले नाही. दौऱ्यावर निघाला की तंबू-खुर्च्या वाहायला गावोगाव माणसे वेठीला धरली जात. त्या डोक्यांवरच्या पेट्यांचा इतिहास कोणी पट्ट्या-बकलांसह लिहून ठेवलेला नाही.

शिपायाच्या पाठीवरच्या पिशवीचा मात्र लिहिलेला आहे, अगदी बारीकसारीक. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रज फौजेची कातडी पट्ट्यांची सरंजामी कुचकामी ठरली. मग १९०८ साली जाड विणलेल्या सुती पट्ट्यांची नवी तऱ्हा आली. सगळे सामान एकमेकांना जोडलेले, कोटासारखे अंगात घालायचे, पुढचे-मागचे वजन तोललेले. १९३७ साली तिची सुधारून हलकी आवृत्ती काढली. तिच्यात पाठीवर एक लहान पिशवी होती. मोठे सामान गाडीत, आणि लढताना अंगावर फक्त ही. जेवणाचा डबा, अंथरायचे मेणकापड, टॉवेल, अडीअडचणीचा शिधा, दिवसभराला लागेल तेवढेच. आज दुकानात जिला 'डे पॅक' म्हणतात तिची आजी हीच. आपल्या सैन्यातही ही तऱ्हा स्वातंत्र्यानंतर बराच काळ टिकली. तिथून निघालेला खाकी कॅनव्हासचा माल पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात यायचा, आणि सह्याद्रीत भटकणाऱ्या एका पिढीने तो पाठीवर वागवला. मजबूत खराच, पण एकदा पावसात भिजला की त्याचे ओझे पाठीलाच कळायचे.

कापसाची जागा घेतली नायलॉनने. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्सने ते तयार केले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या, नंतर पिशव्या. आणि १९९७ साली अमेरिकी लष्कराने 'मॉली' नावाची पद्धत आणली. त्या आडव्या पट्ट्या हीच तिची खूण. एक इंच रुंद पट्टी, मध्ये एक इंच जागा सोडून पुढची, आणि दर दीड इंचावर टाके. या टाक्यांमधल्या फटींत पट्टा ओवून शिपायाने आपल्याला हवा तो कप्पा हवा तिथे बसवायचा. कोणाला काडतुसे, कोणाला वायरलेस, कोणाला मलमपट्टी. कल्पना हुशारीची आहे यात शंका नाही. पण ज्याला अडकवायला काहीच नाही तोही या पट्ट्यांचे वजन वाहणार आणि किंमत मोजणार, हेही तितकेच खरे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. एका दिवसासाठी वीस ते पंचवीस लिटरची पिशवी पुरते. मोठी घेतली की रिकामी जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही, काहीतरी कोंबले जातेच. दुकानदार 'एक हजार डेनियर'चे कापड म्हणून सांगेल. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. म्हणजे नऊ किलोमीटर धागा एक किलो भरला तर तो हजार डेनियरचा. आकडा मोठा तसे कापड चिवट आणि तितकेच जड. अशा कापडाची पट्ट्यापट्ट्यांची पिशवी रिकामीच सव्वा-दीड किलोपर्यंत भरते. दिवसभराच्या चालीला याच्या निम्मे डेनियर भरपूर झाले. वाचलेल्या वजनात पाणी घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि मार्चमधल्या सातपुड्यात दिवसाला दोन-तीन लिटरांखाली भागत नाही. पाण्याची बाटली पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या जवळ ठेवावी. जड वस्तू खाली किंवा बाहेरच्या कप्प्यात गेली की पिशवी मागे ओढते, आणि चढावर ते फार जाणवते. खांदपट्टे रुंद हवेत आणि छातीवर बांधायचा आडवा पट्टा हवा. कमरपट्टा एवढ्या लहान पिशवीला नसला तरी अडत नाही. आणि दुकानात रिकामी पिशवी घालून आरशासमोर उभे राहू नका. चार-पाच किलो वजन घाला आणि जिना चढून पाहा.

बाहेर लोंबणारे पट्टे, कड्या, फासे जितके कमी तितके बरे. बोरी-बाभळीच्या रानात काटा आधी त्यांनाच धरतो. चेन जाड दात्यांची घ्या. पावसाळ्यात जाणार असाल तर कापडावरच्या जलरोधक लेपावर विसंबू नका, पाणी टाक्यांतून आणि चेनमधून शिरते. आत एक साधी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी, काम होते.

उरला रंग, आणि माझा खरा आग्रह इथे आहे. लष्करी ठिपक्या-धब्ब्यांची पिशवी घेऊ नका. भारतीय सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश दाखवला आणि त्याच वर्षी त्याच्या नक्षीची नोंदणी करून हक्क राखून ठेवले. त्याची नक्कल करून विकायला मनाई आहे. पण कायदा सोडा. ज्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या खाकी रंग म्हणजे पोलीस, जंगलखाते आणि वेठ असाच अर्थ होता, तिथे कोणाच्या अंगणात पाणी मागायला उभे राहताना पाठीवर काय दिसते याला महत्त्व आहे. तुम्ही पाहुणे आहात. निळी घ्या, विटकरी घ्या, पिवळी घेतलीत तर धुक्यात मागच्या सोबत्याला दिसेल तरी.

मात्र त्या लष्करी पट्ट्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. शिपाई मलमपट्टीचा कप्पा बाहेर, हात घातला की मिळेल असा, लाल खुणेने बांधतो. आत कपड्यांखाली पुरत नाही. हे जरूर उचलावे. अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवरून अगदी अलीकडच्या वर्षांतही बातम्या येत राहिल्या आहेत. रस्ता नाही म्हणून आजारी माणसाला, अवघडलेल्या बाईला, बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चार-चार जण खांद्यावरून गाडीरस्त्यापर्यंत नेतात. वर्तमानपत्रांनी तिला 'बांबूलन्स' असे चटकदार नाव दिले. झोळी हा शब्द मी लहानपणापासून दारात येणाऱ्या फकिराच्या खांद्यावर पाहिला, गोसाव्याच्याही पाहिला, आणि घरात बाळ झोपवायला टांगलेलाही पाहिला. या बातम्यांतली झोळी मला त्यांच्या शेजारी ठेवता येत नाही. तिचे वजन पन्नास-साठ किलो असते आणि तिला निवडीची सोय नसते. तेव्हा चार तासांच्या वाटेवर जाताना पट्टी, जंतुनाशक, क्षारसंजीवनीची पाकिटे, ज्याची त्याची रोजची औषधे आणि एक शिट्टी बाहेरच्या कप्प्यात असू द्या. आपल्याला लागली नाहीत तर वाटेत कोणाला लागतील.

काठीला पोचल्यावर पाहाल. 'बावा' आणि 'बुध्या' झालेले नवसाचे लोक कित्येक दिवस नेम पाळून आलेले असतात. डोक्याला मोरपिसांचे टोप, अंगावर नक्षी, कमरेला वाळवलेल्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरांचा पट्टा. नाचताना ते भोपळे एकमेकांवर आपटून वाजतात. याच जातीच्या भोपळ्याचा तुंबा सातपुड्यात पाणी न्यायलाही वापरतात. हलका, थंड, आणि फुटला तर वेलावर दुसरा. दुपारी मोलगीच्या बाजारात आमचुराची पोती दिसतील, डोक्यावरून आणि जीपच्या टपावरून आलेली.

रात्र चढत जाते तशी गर्दी वाढते. ढोल, पावरी, घुंगरू, आणि घेर धरून नाचणारी माणसे अगदी अंगाला घासून जातात. त्या वेळी पाठपिशवी काढून छातीवर घ्या, नाहीतर वळताना ती कोणाच्या तरी टोपाला लागते, आणि त्या टोपामागे बरेच दिवसांचे व्रत असते. शाल वरच्या कप्प्यात ठेवा. दिवसा कितीही उकडले तरी पहाटे होळी पेटेपर्यंत डोंगरात गारठा असतो.