रेघेवरचे दाणे

"दादा, रेघेवरचा दाणा आत धरायचा का बाहेर?"

गेल्या दिवाळीत पारनेरला घरी गेलो होतो. सुट्टीमुळे आळीतली पोरं दिवसभर आमच्याच ओसरीवर असायची. त्यांच्यासाठी मी एक खेळ काढला. खडूने मोठा चौकोन आखला, त्यात दहा बाय दहाची शंभर घरं पाडली आणि वरून मूठभर मटकी पसरली. प्रत्येकाने आधी नुसतं बघून एकूण दाणे किती ते कागदावर लिहायचं. मग निम्म्या पोरांनी मनाला येईल ते एक घर मोजून शंभराने गुणायचं, उरलेल्यांनी पाच बाय पाचचा पट्टा मोजून चाराने गुणायचं. शेवटी सगळे दाणे दहा-दहाच्या ढिगांनी मोजायचे.

तिसरीतल्या मुलीचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. "तुला वाटेल तसं कर," म्हणालो. तिथेच चुकलो. त्या प्रश्नाचा इतिहास आमच्या तालुक्याला चांगला ठाऊक आहे, फक्त वेगळ्या नावाने.

ते नाव म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि यंदाचं पीक त्यातले किती आणे, हे सरकारी माणसाने उभ्या शिवाराकडे बघून ठरवायचं. पारनेर पर्जन्यछायेतला तालुका. इथे बाजरी कधी कमरेएवढी होते, कधी पेरलेलं बीसुद्धा परत येत नाही. त्यामुळे त्या नजरेवर बरंच अवलंबून असायचं. मुंबई इलाख्यात नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीचा शेतसारा पूर्ण तहकूब मागता येई. १९१८ चा खेड्याचा सत्याग्रह याच आकड्यावरून झाला. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणत होतं वर आहे. गांधीजींच्या त्या लढ्याच्या मुळाशी अंदाजाचं एक गणित होतं. आमचा नगर जिल्हाही त्याच इलाख्यातला, नियमही तोच.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत की वर, या प्रश्नावर गावंच्या गावं डोळे लावून बसू लागली. आमचे आजोबा म्हणायचे, "बघणारा घोड्यावरनं बघतो, आपण बांधावरनं." लहानपणी मला हे नुसतं गाऱ्हाणं वाटायचं. पण त्यात मोजमापाचा एक नेमका मुद्दा होता: बघणारा कुठे उभा आहे यावर अंदाजाची चूक कोणत्या बाजूला झुकणार ते ठरतं.

अंदाज आणि खेळ यांचं नातं मात्र आणेवारीहून फार जुनं. महाभारताच्या वनपर्वात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघतो. त्याचा सारथी बाहुक म्हणजे वेष पालटलेला नल, जुगारात राज्य गमावून बसलेला. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळं असल्याचं सांगून टाकतो. नल रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. ही विद्या काय, असं विचारल्यावर ऋतुपर्ण सांगतो की मला अक्षविद्याही येते आणि गणनाही. बेहड्याच्या बियाच त्या काळी फासे म्हणून वापरत. म्हणजे झाडही जुगाऱ्याचंच. कथेत मला सगळ्यात आवडतो तो नलाचा हट्ट. राजाचा शब्द म्हणून तो मान डोलवत नाही, उतरून मोजतो.

मोजून पाहण्याची सोय असली की अंदाजातून काय काय कळतं, याचं प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातलं. १९०६ मध्ये प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचं कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, यावर पैज लागली. फ्रान्सिस गाल्टन यांनी त्या पैजेच्या ७८७ चिठ्ठ्या मिळवल्या आणि उतरत्या क्रमाने लावल्या. मधोमध असलेला अंदाज होता १२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन भरलं ११९८. कुणी जास्त बोललं, कुणी कमी, आणि चुका एकमेकींत जिरल्या. पण सगळेच एका बाजूला चुकले असते तर? तर आठशेच काय, आठ हजार चिठ्ठ्यांचाही उपयोग नव्हता.

या 'तर'चं उत्तर एका मराठी माणसाने शोधलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनला संख्याशास्त्र शिकून आल्यावर १९४० च्या दशकात ते भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज कसा बांधावा यावर काम करत होते. नजरेच्या आणेवारीऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं, ही पीक कापणी प्रयोगाची रीत. प्रश्न होता तुकडा केवढा घ्यायचा. कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, खर्च कमी आणि तुकडे जास्त. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. एक कारण अगदी साधं: कडेवरचं रोप कापणारा आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौकोनाला चार मीटर कड असते, म्हणजे दर चौरस मीटरमागे चार. दहा मीटर बाजूच्या चौकोनात तीच दर चौरस मीटरमागे चाळीस सेंटिमीटर होते. कड जितकी जास्त, तितकी ओढाओढ जास्त.

आता ओसरीवर परत येऊ. मोजून झालं तेव्हा दाणे भरले १०४०. नजरेचे अंदाज बहुतेक कमी पडले होते. पट्टा मोजणाऱ्यांचे आकडे हजार-सत्तरच्या आसपास आले. एकच घर मोजणारे मात्र जवळपास सगळे बाराशेच्या पुढे. पोरांना वाटलं आपलं गुणायचं चुकलं. गुणाकार बरोबर होते. रेघेवरचा प्रत्येक दाणा प्रत्येकाने आपल्या घरात धरला होता, शिवाय घर निवडताना भरलेलंच निवडलं होतं.

दुसऱ्या डावाला आम्ही नियम केला: वरच्या आणि डाव्या रेघेवरचा दाणा आपला, खालच्या आणि उजव्या रेघेवरचा शेजाऱ्याचा. प्रोग्रॅम लिहिताना मी हे रोज करतो, सुरुवातीचा आकडा धरायचा आणि शेवटचा सोडायचा, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. घर कुठलं ते चिठ्ठी काढून ठरवलं. आणि चुकीसमोर अधिक-उणे चिन्ह लिहायची सक्ती केली. शाळेत मला चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मिळायची. उत्तर किती आणि कुठल्या बाजूला चुकलं, हे कुणी विचारलं नाही. त्या डावात बाराशेवाले थेट खाली आले, काही उणेतही गेले.

२०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन ठरवायला हेच पीक कापणी प्रयोग धरले गेले. ते उत्पादन उंबरठ्याच्या वर दिसलं की भरपाई नाही. ओसरीवरच्या पोरांपैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे. उद्या त्यांच्यातलं कुणी बांधावर उभं असेल, कुणी कदाचित हातात फीत घेऊन सरकारी बाजूला. दोघांनाही रेघेवरच्या रोपाबद्दल विचारता आलं पाहिजे.

त्या मुलीला मी जाताना म्हणालो, तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं. तिने विचारलं, "अधिक का उणे?"