आततायी आणि चकमक

रागाच्या भरात कुणी भलतंसलतं करून बसला की आपण म्हणतो, ‘एवढा आततायीपणा कशाला?’ अविचार, उतावळेपणा, टोकाला जाणं असा या शब्दाचा अर्थ मराठीत आता स्थिरावला आहे. मूळ संस्कृत शब्द मात्र फार नेमका आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे आणि ‘आतत’ म्हणजे ताणलेलं. आततायी म्हणजे धनुष्य ताणून अंगावर चालून येणारा. शुक्ल यजुर्वेदातल्या शतरुद्रियात खुद्द रुद्राला हे विशेषण लावलेलं आहे. बाण अजून सुटलेला नाही, पण दोरी कानापर्यंत आली आहे, असा तो क्षण.

स्वतःला वाचवण्यासाठी शस्त्र कधी चालवावं, याचं उत्तर मला या शब्दात जितकं स्वच्छ दिसतं तितकं जाडजूड ग्रंथांतही दिसत नाही. दोरी ताणलेली आहे तोवरच उलट वार करायचा हक्क. ती सैल पडली, समोरचा पाठ फिरवून पळाला, की हक्क संपला.

धर्मशास्त्राने हा शब्द उचलला आणि पुढे ताणलाही. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा आततायी सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेतलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. यातल्या शेत बळकावणाऱ्याच्या हाती धनुष्य असेलच असं नाही, तरी तो यादीत आला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर गुरू, बालक, वृद्ध किंवा विद्वान ब्राह्मण जरी आततायी होऊन आला तरी त्याला मारताना विचार करत बसू नये, असं म्हटलं आहे. टीकाकारांनी या वचनाचा पुढे बराच कीस काढला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायीच म्हणतो, आणि तरीही यांना मारलं तर पाप आपल्यालाच लागेल, अशी भीती त्याला वाटते. शिक्का मारला म्हणून प्रश्न मिटला नाही, हे त्याला कळलं होतं.

आजच्या कायद्यात हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंडविधानात तीच कलमं ९६ ते १०६ होती. आपण सरसकट ‘स्वसंरक्षण’ म्हणतो, पण हा हक्क दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीही आहे, म्हणून कायदा ‘खाजगी संरक्षण’ म्हणतो. हल्ल्याच्या प्रयत्नामुळे किंवा धमकीमुळे जिवाला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. पहिला घाव अंगावर घेण्याची गरज नाही. ती भीती असेपर्यंतच तो टिकतो. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. प्राण घेण्याची मुभा तर मोजक्याच प्रसंगी आहे: मृत्यूचं किंवा जबर दुखापतीचं भय, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा वेळी. साध्या चोरीसाठी ती नाही. दरोडा किंवा रात्रीची घरफोडी असेल तर आहे.

संहितेत पिस्तुलाचं एक उदाहरण जुन्या दंडविधानापासून चालत आलं आहे. एक जण दुसऱ्याला चाबकाने मारायला येतो, पण जबर दुखापत होईल असं नाही. दुसरा पिस्तूल काढतो. पहिला थांबत नाही. चाबूक टाळायला दुसरा उपाय नाही असं प्रामाणिकपणे वाटून तो गोळी झाडतो आणि समोरचा मरतो. कायदा याला खून म्हणत नाही, पण निर्दोषही सोडत नाही. हा सदोष मनुष्यवध. चाबकाला गोळीने दिलेलं उत्तर मर्यादेबाहेर गेलं, एवढंच. इथे आपला मराठी अर्थ संस्कृत अर्थाला येऊन भिडतो. आततायी अंगावर आला, आणि त्याला आवरताना बचाव करणाराच आततायीपणा करून बसला.

मात्र घाबरलेल्या माणसाने किती जोर लावला हे सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असं न्यायालयं सांगत आली आहेत, आणि ते रास्तच आहे. गावातल्या जमिनीच्या भांडणात वडिलांवर गंडाशाने हल्ला झाला आणि मुलाने बंदूक चालवली, अशा दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुलाची सुटका केली. आणखी एक गफलत नेहमी होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, ती कुणावर झाडण्याचा नव्हे.

बंदूक हा शब्द अरबीतून आला. ‘बुंदुक’ म्हणजे एक कवचाचं फळ. त्यावरून छोटी गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारं हत्यार. पिस्तूल आणि काडतूस आपण पोर्तुगिजांकडून घेतलं. मला जास्त खुणावतो तो चकमक हा तुर्की शब्द. तुर्कीत ‘चकमक’ म्हणजे आपटून ठिणगी पाडणे. मराठीत तो ठिणगी पाडायच्या गारगोटीला चिकटला आणि मग लहानशा लढाईला. ठिणगीला गारगोटीही लागते आणि पोलादही. नुसत्या एकाने चकमक झडत नाही.

म्हणून ‘पोलीस चकमकीत ठार’ ही ओळ वाचताना मी अडखळतो. अशा गोळीबाराचं समर्थन कायद्यात सहसा याच खाजगी संरक्षणावर उभं असतं. समोरून गोळी आली, म्हणून आम्ही झाडली. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये नियम घालून दिले: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करा, आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदकं देऊ नका. २००६ साली वर्सोव्यात झालेली चकमक बनावट ठरली, आणि त्यातल्या पोलिसांची जन्मठेप मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कायम केली.

दोन्हीकडून ठिणगी पडली होती की नाही, हे पहिल्या दिवशी बातमीदाराला माहीत नसतं. तोवर मथळ्यात ‘पोलिसांच्या गोळीबारात ठार’ असं लिहावं, आणि चकमक हा शब्द चौकशीचा निकाल येईपर्यंत राखून ठेवावा.