संस्थापिका ज्यूलिएट लो

संस्था काढणे म्हणजे नवी कल्पना काढणे नव्हे, हे दूर मुलखी बदलीवर असणाऱ्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. गावोगावची महाराष्ट्र मंडळे काही कोणा एकाच्या प्रतिभेतून जन्मास आलेली नाहीत. एका गावी पाहिलेले काम दुसऱ्या गावी कोणीतरी अंगावर घेतले, वर्गणीची तूट स्वतःच्या पगारातून भरून काढली, म्हणून ती उभी राहिली. अमेरिकेतील वीरबाला संघटनेच्या संस्थापिका ज्यूलिएट लो यांचे चरित्र वाचताना आम्हांस याच गोष्टीचे स्मरण झाले.

ज्यूलिएटबाईंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८६० रोजी जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना शहरी, कापसाच्या एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. सारे काही अनुकूल होते. परंतु दैवाने घाला घातला तो कानांवर. १८८५ मध्ये एका कानावर केलेला उपचारच बाधला. पुढच्या वर्षी, २१ डिसेंबर १८८६ रोजी, विल्यम लो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपल्याकडील अक्षतांप्रमाणे तिकडेही वधूवरांवर तांदूळ उधळतात. त्यांतील एक दाणा दुसऱ्या कानात शिरला आणि तो कान कायमचा गेला. इंग्लंडमधील संसारही सुखाचा झाला नाही. पती मद्याच्या आहारी गेले, मूल झाले नाही. आणि १९०५ मध्ये पती वारले, तेव्हा मृत्युपत्रात संपत्तीचा मोठा भाग दुसऱ्या स्त्रीच्या नावे निघाला.

१९११ मध्ये बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्याशी त्यांची ओळख झाली. मुलींसाठी तशीच संघटना बेडन-पॉवेल व त्यांची बहीण ॲग्नेस यांनी १९१० मध्येच उभी केली होती. ज्यूलिएटबाईंनी स्कॉटलंडमधील ग्लेन लायन या दरीत सात गरीब मुलींचे पथक काढले. शहरातील कारखान्यांत पोटासाठी जाण्याची पाळी येऊ नये, म्हणून त्यांस लोकर कातणे व कोंबड्या पाळणे शिकविले. त्यानंतर १२ मार्च १९१२ रोजी सॅव्हानात १८ मुलींची नावे नोंदवून पहिली पथके सुरू झाली. त्या मुली बास्केटबॉल खेळत, तेव्हा रस्त्यावरील लोकांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून मैदानाभोवती कापडाचे पडदे लावावे लागत. यावरून तत्कालीन समाजाची कल्पना यावी.

प्रारंभीची काही वर्षे खर्चाचा भार बाईंनी स्वतः वाहिला. त्यासाठी मोत्यांचा मौल्यवान कंठाही विकला. बहिरेपणाचाही त्यांनी उपयोग करून घेतला. कोणी काम नाकारू लागले, की बाईंस ते ऐकूच येत नसे, आणि नकार देणारा दुसऱ्या दिवशी कामास जुंपलेला असे! मुलींनी 'स्काउट' हे नाव घेणे मुलांच्या संघटनेच्या चालकांस रुचले नाही. बाईंनी ते सोडले नाही.

या कार्यास एक मर्यादाही होती, ती लपविण्याचे कारण नाही. संघटना सर्व मुलींसाठी आहे असे म्हटले गेले. परंतु कृष्णवर्णीय मुलींचा प्रवेश स्थानिक मंडळींच्या मर्जीवर राहिला, आणि दक्षिणेत त्यांस दीर्घकाळ वाट पाहावी लागली. स्वतःच्या दुःखावर मात करणाऱ्या या बाईंस आपल्या समाजाच्या रूढीवर मात करता आली नाही.

तरीही एका गोष्टीसाठी आम्ही त्यांस थोर मानतो. १९२० मध्ये त्यांनी अध्यक्षपद आपण होऊन सोडले. संस्था काढणारे पुष्कळ असतात. ती वेळीच दुसऱ्यांच्या हाती देणारे थोडे. पुढे कर्करोगाने ग्रासले असताही बाई दुखणे झाकून कामात राहिल्या. १७ जानेवारी १९२७ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा सभासद मुलींची संख्या दीड लाखावर गेली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांस गणवेशातच मूठमाती देण्यात आली.

हिंदुस्थानातही जबलपूरला १९११ मध्येच वीरबालांचे पहिले पथक निघाले होते, आणि १९६६ मध्ये पुण्यास 'संगम' हे त्यांचे जागतिक केंद्र उघडले. रजेवर पुण्यास जाल तेव्हा तेथे देशोदेशींच्या मुली दिसतील. कल्पना मूळ कोणाची, हे त्यांतील एखादीच सांगू शकेल. परंतु कोणीतरी ती आपल्या गावी नेऊन निगुतीने वाढविली, म्हणूनच त्या तेथे जमतात.